कळशीतलं औषध

राधाकिशन आबांनी सप्त्याला खोकल्याचं औषध दान दिलं आणि तानाजीनं ते तांब्याच्या कळशीत ओतलं. पुढं जे झालं ते तिथून झालं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण आता गावात जो तो वेगळीच सुरुवात सांगतो. कुणी म्हणतं पोरंच वाया गेली, कुणी म्हणतं मोबाइलनं बिघडवली, कुणी म्हणतं आईबाप उसाला गेले की पोरांना धरबंध राहत नाही. सुरुवात कळशीपासून आहे.

आमचं उमरदरा धारूरच्या डोंगराला लागून आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. सप्ता माघात असतो. सात दिवस देवळातली वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. पहाटे काकडा, दुपारी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, नंतर कीर्तन. कीर्तनकाराच्या मागं टाळ घेऊन उभी राहणारी पोरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घसा बसवून घेतात. त्यात माघाची थंडी आणि मांडवातला फुफाटा. आजवर यावर खडीसाखर आणि गरम पाणी असायचं. यंदा फ्लेक्स लागला, 'टाळकरी व विणेकऱ्यांसाठी मोफत औषध सेवा'. वर हात जोडलेले आबा. खाली, जरा लहान आकारात, देव.

आबा पूर्वी पंचायत समितीत होते आणि पुन्हा जायचं मनात आहे. फाट्यावर मेडिकलचं दुकान आहे ते त्यांच्या पुतण्याचं, तानाजीचं. तानाजी माझा विद्यार्थी. पहिलीत त्याचं बोट धरून मी धुळपाटीवर अक्षर गिरवून घेतलेलं आहे.

तानाजीनं खोकी आणली. पहिल्या दिवशी तो बाटली फोडून झाकणानं मोजून देत होता. पण टाळकऱ्यांच्या मागं बायाही हात पुढं करू लागल्या, म्हातारेही, मग रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली. तेव्हा कुणीतरी देवाच्या पाण्याची मोठी कळशी आणून दिली. तानाजीनं बाटल्यांमागून बाटल्या तीत ओतल्या आणि पळी घातली. लोक उजवा तळहात खोलगट करून पुढं करायचे, पळीभर औषध प्यायचे आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचे. तीर्थ घेतात तसंच. पायातल्या चपलाही बाजूला काढायचे.

मी रांगेत गेले नाही, टेबलामागं गेले. खाली रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. दोन तऱ्हेच्या.

"तानाजी, ह्या दोन वेगळ्या बाटल्या आहेत."

"हो बाई. एक नुसतं खोकल्याचं, दुसरं सर्दी-ताप-खोकल्याचं."

"आणि दोन्ही एकात?"

"पोटात एकच व्हतंय की, बाई."

रांगेतली माणसं हसली. मी हसले नाही. "मोठ्याला किती, लहानाला किती, कुणाला द्यायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. कळशीवर काय लिहिलंय?"

तेवढ्यात आबा आले. त्यांनी मला नमस्कार केला. ते मला नेहमी आधी नमस्कार करतात आणि मग बोलतात. "बाई, तुमी पोरं शिकवा. हा परमार्थ हाय. देवाच्या दारात दिलेली चीज कुणाला बाधत न्हाई."

"देवानं दिलेलं नाही, आबा. कारखान्यात बनलेलं आहे."

"बाईंना सगळीकडंच शाळा दिसती," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. बुक्का लावायला आलेल्या म्हाताऱ्यानं माझ्याही कपाळाला बुक्का लावला, म्हणजे विषय संपला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर पोरं बसवते. ज्यांचे आईबाप उसाला गेलेत ती. पाढे, वाचन, थोडं गाणं. या पोरांना कळतं तेवढं गावातल्या पंचांना कळत नाही. चौथ्या दिवशी पाढे म्हणता म्हणता राजनंदिनी नावाची तिसरीतली पोरगी म्हणाली, "बाई, ती मोठी पोरं औषधाला चार-चारदा जात्यात."

"का गं?"

"डोकं हलकं व्हतंय म्हणं. अन् टाळ आपोआप वाजतोय म्हणं."

"कोण म्हणतं?"

तिनं मांडवाकडं बघितलं. मांडवात सोमेश्वर चाल म्हणत होता.

सोमेश्वर हा भागवत आणि सुनिताचा मुलगा. अकरावीला आहे. आईबाप कारखान्यावर, घरी आजी भिवराबाई. या पोराचा आवाज असा आहे की त्यानं चाल धरली की माणसं बोलायची थांबतात. माझ्या ओट्यावर तो आधी शिकायला यायचा आणि नंतर शिकवायला यायला लागला. लहान पोरांना कविता चालीवर बसवून द्यायचा. मी त्याच्यावर जीव लावून होते, आणि म्हणूनच मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

कीर्तन सुटल्यावर त्याला मांडवामागं गाठलं. डोळे तांबूस, चेहऱ्यावर उगाचच हसू.

"कितीदा हात पुढं केलास आज?"

"बाई, घशासाठी. चाल वरच्या पट्टीत हाय."

"घसा एक आहे का चार?"

तो खळखळून हसला. "तुमी बी ना, बाई! अहो, दारू हाय का ती? मेडिकलमधली दवा हाय. डॉक्टरची चिठ्ठी बी लागत न्हाई."

"म्हणून ती खेळायची वस्तू झाली?"

मग तो जे बोलला ते मी विसरलेली नाही. "मी फडात मोठा झालोय, बाई. आई-बाप ऊस तोडायचे अन् मी पाचटाच्या कोपीत रडायचो. आई मला हीच दवा झाकणभर पाजायची, म्हंजी मी संध्याकाळपर्यंत निजायचो. सगळ्याच बाया पाजत्यात. मी मेलो का? हा बघा, उभा हाय."

मी त्याला समजावलं. झाकणभर आणि पेलाभर यात फरक असतो. तान्ह्या लेकराला ते झाकणही द्यायचं नसतं. जास्त झालं की श्वास मंदावतो, डोकं भ्रमतं, काळीज धडधडतं. त्यानं मान डोलावली. हुशार मुलगा मान डोलावतो तेव्हा ऐकत असतो असं नाही.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, पंगती बसल्या. कळशी अजून पाऊण भरलेली होती. उरलेलं ओतून द्यायचं, तर 'देवाच्या दारातलं' म्हणून ओतून द्यायला कुणी तयार नाही. तानाजी पंगतीत वाढायला गेला. तेवढ्या वेळात मोठ्या पोरांनी कळशी उचलून शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं नेली. पैज लागली. सोमेश्वरला म्हणे त्याच्या बरोबरीचा शहादेव म्हणाला, "तू बे, चाल म्हणणारा, तुझा पेला मोठा पाहिजे." बाकीच्यांनी घोट घोट घेतलं आणि गोड गोड म्हणून तोंडं वाकडी केली. सोमेश्वरनं पेले रिचवले. इतकं मला शहादेवनंच नंतर सांगितलं, रडत.

ऊन उतरायच्या वेळी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडला. ओकलेला, बोबडं बोलत, कुणाला ओळखत नव्हता. आबांची माणसं म्हणाली, सात दिवसांचा शीण आहे, झोपू द्या. त्याला घरी नेऊन टाकलं. मी भिवराबाईला म्हणाले, दवाखान्यात नेऊ. ती म्हणाली, "निजलंय लेकरू, उठवू नका." मी जवळ बसून राहिले, श्वास चाललाय ना ते बघत, आणि मला दिसेल त्या प्रत्येकाचा संताप येत होता.

सकाळी तो उठला. तोंड धुतलं, चहा प्याला, तो लगेच ओकून टाकला, आणि मला बघून हसला.

"उतरलं, बाई. लई बेकार लागलं, पण उतरलं."

भिवराबाईनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच रात्रभर तिच्या नातवाला शाप देत बसले होते. "बघा, झालं का काही? सप्त्यातलं व्हतं ते. नाहक घोर लावला."

मी घराबाहेर येऊन वर्षाराणीला फोन लावला. तीही माझीच विद्यार्थिनी, आता अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मला वाटलं होतं ती म्हणेल, उतरलं ना, मग बरं झालं. ती तसं काही म्हणाली नाही.

"बाई, त्यात सर्दी-तापाचं पण होतं म्हणालात ना? तापाचं म्हणजे बहुतेक पॅरासिटामॉल असणार. झिंग उतरते, ते लिव्हरमध्ये राहतं. पहिल्या दिवशी पोरगं नुसतं ओकतं, मग बरं वाटतं, हसतं-बोलतं. आणि आतून लिव्हर मरत असतं. दोन-तीन दिवसांनी पिवळं होऊन येतात, तेव्हा माझ्या हातात फार काही नसतं. त्यावर औषध आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. बाटलीवरचं वाचून सांगा, आणि सांगेपर्यंत थांबू नका. त्याला घेऊन निघा."

मी घरात परत आले आणि सांगितलं. भिवराबाईनं कानावर हात ठेवले. "तीर्थ प्याला म्हून दवाखान्यात न्यायचं? लोक काय म्हणतील, सप्त्यात इख वाटलं?"

"भिवराबाई, ते तीर्थ नव्हतं."

"पळीनं दिलं, तळहातावर दिलं. मंग काय व्हतं?"

म्हातारीची चूक नव्हती. तिला सत्तर वर्षं जे शिकवलं गेलं, त्याच रूपात तिच्या समोर ते आणून ठेवलं होतं. सोमेश्वर भिंतीला टेकून म्हणाला, "मला काय झालंय बाई? संध्याकाळी ओट्यावर येतो मी, पोरांना नवी कविता शिकवायची हाय." बोलताना त्यानं बरगडीखाली उजव्या बाजूला हात दाबून धरला होता. त्याला तो हात तिथं आहे हे ठाऊकही नव्हतं.

मी फाट्यावर गेले. चालत नाही गेले, जवळजवळ धावत गेले, या वयात. दुकानात तानाजी होता आणि समोरच्या खुर्चीत आबा चहा पीत होते.

"तानाजी, कळशीत ओतलेल्या दोन्ही बाटल्या दाखव."

त्यानं आबांकडं बघितलं. "संपल्या त्या, बाई. रिकाम्या जाळल्या पत्रावळींबरोबर."

"दुकानात असतील."

"त्या न्हाईत."

त्याच्या मागच्या फळीवर त्या होत्या. मला चष्म्याशिवाय दिसत होत्या. आबांनी कप खाली ठेवला आणि नमस्कार केला. "बसा बाई. पोरगं उठलं असं कळलं. देवाची कृपा. आता उगं बोभाटा नको. दवाखान्यात नेलं की ते पोलिसाला कळवत्यात, पोलीस इथं येत्यात, सप्त्याचं नाव पेपरात. परंपरा हाय ही गावाची."

"परंपरा विणेची आहे, आबा. बाटलीची नाही."

"अन् पोरांनी चोरून प्यायली त्याला आमी काय करणार?"

"ते पोरांना विचारीन मी. आत्ता मला बाटली पाहिजे."

"बाई, जरा सबुरीनं—"

सबुरी! माझं सगळं आयुष्य सबुरीत गेलं. 'क' उलटा काढणाऱ्या पोराला शंभरदा सरळ काढून दाखवायचा, आवाज चढवायचा नाही. त्या सकाळी ती सबुरी माझ्याजवळ उरली नव्हती. मी काउंटरची फळी उचलली, आत गेले, फळीवरच्या दोन्ही बाटल्या काढल्या आणि तानाजीच्या हातात दिल्या.

"वाच."

"बाई..."

"वर्गात उभा राहून वाचायचास तसा वाच. मोठ्यानं. फाट्यावर ऐकू गेलं पाहिजे."

बसची वाट बघणारी माणसं वळून बघू लागली. तानाजीचा चेहरा लाल झाला. त्यानं पहिली बाटली वाचली, चाचरत. मग दुसरी. इंग्रजी नावं त्याला नीट येत होती, तो ती रोज विकतो. पॅरासिटामॉलवर आला आणि थांबला. त्याच्या खाली लिव्हरबद्दलची सूचना होती. ती त्यानं वाचली नाही. त्याला ती पाठ होती. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं, आणि मला वाटलं की आता मी या माणसावर हात उचलीन.

"तुला ठाऊक होतं."

"इतकं कोण पिणार असं वाटलं व्हतं, बाई. पळी पळी..."

"पळी मोजत होतं का कुणी? सोमेश्वर काल काय प्यायला आहे ते तुला शहादेव सांगेल. तो आत्ता हसतोय आणि त्याचं लिव्हर जळतंय. आबांची गाडी बाहेर उभी आहे. ती द्या. बाकीचं तुमचं सगळं मी नंतर ऐकते."

आबा उठले. "गाडीवर माझं नाव हाय, बाई. त्या गाडीतून पोरगं दवाखान्यात गेलं तर त्याचा अर्थ काय निघतो?" आणि ते गाडीत बसून निघून गेले. खरंच निघून गेले. आजही ती धूळ माझ्या तोंडात आहे.

तानाजीनं दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या. मग त्यानं शटर खाली ओढलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला बाहेर काढून ओढलं. "चला बाई, पिकअप हाय माझी."

भिवराबाईच्या दारात पुन्हा तेच. पण या वेळी तानाजी उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आजी, कळशीत मीच वतलं. तीर्थ न्हवतं ते. माझ्या दुकानातलं तापाचं औषध व्हतं. देवाचा काही संबंध न्हाई." ज्या हातानं पळी दिली त्याच हाताचा माणूस सांगत होता, म्हणून म्हातारीनं ऐकलं. माझं शहाणपण तिथं कामाला आलं नाही.

सोमेश्वर अजून तयार नव्हता. मी त्याला म्हणाले, "हात कुठं आहे तुझा?"

त्यानं खाली बघितलं. हात बरगडीखाली होता. त्यानं तो काढला, आणि वेदनेनं पुन्हा तिथंच ठेवला. मग पहिल्यांदा त्याचं हसू गेलं.

"बाई, मी मरणार का?"

"गाडीत बस."

अंबाजोगाईपर्यंतचा रस्ता मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. वर्षाराणी दारातच होती. तिनं बाटल्या हातात घेतल्या, वाचल्या, एकदा माझ्याकडं आणि एकदा तानाजीकडं बघितलं. तानाजीनं मान खाली घातली. सलाईनमधून औषध सुरू झालं. रक्त तपासायला गेलं. पहिल्या तपासणीचा कागद आला तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "लागलंय, बाई. किती लागलंय ते आता दिसेल. वाट बघायची."

पुढचे दिवस त्या कागदांवरचे आकडे चढत गेले. सोमेश्वरच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. त्याचा आवाज, ज्यावर सगळं गाव डोलायचं, त्यातून पाणीही नीट मागता येत नव्हतं. भिवराबाई पलंगाच्या पायथ्याशी बसून नुसती त्याचे तळपाय चोळायची. कारखान्यावर फोन गेला. भागवतला टोळीच्या मुकादमानं सोडलं नाही, सुनिता एकटी आली, फडातल्या कपड्यांत, हाताला उसाच्या पाचटानं चिरा पडलेल्या. ती पोराला हात लावायला भीत होती.

अशात आबा आले. सफरचंदांची पिशवी घेऊन, बरोबर फोटो काढायला मोबाइल घेतलेला एक कार्यकर्ता. त्यांनी सुनिताला नमस्कार केला, मला नमस्कार केला. "खर्चाची फिकीर करू नका. आमी हाय. पोरांनी नशेच्या नादात केलं, पण आपलीच पोरं, वाऱ्यावर कशी सोडायची?" आणि पिशवी पुढं केली, फोटोत येईल अशी तिरकी.

मी उठले. "आबा, फोटो काढायचाच असेल तर ह्याच्या डोळ्यांचा काढा. जवळून. आणि पुढच्या सप्त्याच्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोशेजारी लावा. गाडी मागितली तेव्हा नावाची काळजी होती ना? आता नाव घालायला आलात?"

"बाई, हा दवाखाना हाय, हळू बोला."

"हळू बोलूनच इथं आलोय आपण. टेबलापाशी मी हळू बोलले होते, तेव्हा तुम्ही हसलात."

आबा सोमेश्वरकडं वळले. "तूच सांग बाळा. कुणी पाजलं का तुला? तू तुझ्या मनानं प्यालास ना?"

सोमेश्वरनं पिवळे डोळे उघडले. आवाज फाटका होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मनानं प्यालो. मजा म्हून प्यालो. दुसऱ्या दिवसापासून पीत व्हतो. बाई सांगत व्हत्या ते मी ऐकलं न्हाई." तो थांबला, श्वास घेतला. "अन् आबा, ते पाण्याच्या टाकीमागं मी नेलं. कळशीत तुमी आणलं. दोन्ही खरं हाय. तुमी एकच सांगू नका."

कार्यकर्त्यानं मोबाइल खिशात घातला. सफरचंदांची पिशवी सुनितानं उचलली, आबांच्या हातात दिली आणि दार दाखवलं.

त्यानंतरच्या तपासणीत आकडे थांबले. मग उतरू लागले. वर्षाराणी तो कागद घेऊन आली तेव्हा दारातच तिच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. "सावरतंय, बाई. दुसऱ्याच दिवशी आणलंत म्हणून. डोळे पिवळे व्हायची वाट बघितली असती, तर मी तुम्हाला हे सांगत नसते."

गावात आल्यावर लोक म्हणाले, देवानं वाचवलं. कळशी चिंचेनं घासून पुन्हा देवापाशी ठेवलेली होती, लखलखीत. कुणालाच त्या कळशीबद्दल बोलायचं नव्हतं. मला होतं. मी सोमेश्वरला म्हणाले, ओट्यावर ये. त्याला चालवत नव्हतं, तरी आला. सुनिता त्याला धरून आली आणि ओट्याच्या कडेला बसली. तानाजीही आला, त्याच दोन तऱ्हेच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन. त्यानं दुकानात पाटी लावली आहे की चिठ्ठीशिवाय आणि मोठ्या माणसाशिवाय हे औषध मिळणार नाही. आबा त्याच्याशी बोलत नाहीत.

सोमेश्वरनं कविता शिकवली नाही. त्यानं बाटली उचलून पोरांना सगळं सांगितलं. आधी कसं हलकं वाटतं ते, मग जमीन कशी तिरकी होते, अंगाला खाज कशी सुटते, आपलंच तोंड आपलं कसं वाटत नाही. नंतर सगळं उतरल्यावर किती बरं वाटलं होतं, आणि तेव्हाच आत काय चाललं होतं. त्यानं काही लपवलं नाही, मजाही लपवली नाही. मला आधी ते खटकलं, मग वाटलं, पोरांचा विश्वास त्यामुळंच बसतोय.

राजनंदिनीनं हात वर केला. "दादा, गोड असतंय का?"

"लई गोड असतंय," सोमेश्वर म्हणाला. "म्हून तर."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "कोपीत आई द्यायची. झोप यायची मंग."

मला एकदम फडातलं त्याचं बोलणं आठवलं. मी पोरांना विचारलं, "फडात कुणाकुणाला आईनं झाकणभर दिलंय, झोपावं म्हणून?"

पोरांना वाटलं मी बेरीज विचारते आहे. त्यांनी उत्साहानं हात वर केले. एक, मग दुसरा, मग रांगच्या रांग. धाकट्या भावंडांसाठीही काहींनी दुसरा हात वर केला. इवले इवले हात, सगळे वर. मला तेव्हा जो राग आला, त्याच्यापुढं आबांवरचा राग काहीच नव्हता.

मी सुनिताकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"बाई," ती म्हणाली, "ऊस तोडताना पोर रडलं तर कोयता हातातून सुटतो. एकदा एका बाईचं पोर ट्रॅक्टरखाली येता येता राहिलं. त्यापरीस निजलेलं बरं, असं आमाला वाटायचं. मुकादमच बाटली आणून द्यायचा. म्हणायचा, पाजा अन् कामाला लागा." तिनं पदर खाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्यात होता तोच राग होता. "हे तिथं कुणी सांगत न्हाई. तुमी इथं, ओट्यावर सांगताय. इथली पोरं इथं हायत. तिथल्या तान्ह्यांचं काय?"

तानाजीनं हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. पोरांचे हात अजून वरच होते. मी 'खाली' म्हणायला विसरले होते.

"कधी परत जाणार तू?" मी सुनिताला विचारलं.

"उद्या. भागवत एकटा हाय फडात."

"मग माझ्यासाठीही जागा ठेव. मी येते. मुकादमाशी मलाच बोलायचं आहे."

"कोपीत राहावं लागतंय, बाई."

"राहीन."

सोमेश्वर म्हणाला, "मी बी येतो."

"तू नाही. तू इथं बस आणि पोरांना कविता शिकव. आणि आधी त्यांचे हात खाली घ्यायला सांग."

त्यानं सांगितलं. आवाज अजून फाटकाच होता, पण पोरांनी ऐकला. मी घरी गेले आणि पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि त्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या.